जुना गेम आज पहिल्यांदा खेळताना: आधी काय दुरुस्त करायचं, मग काय पारखायचं

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आज पहिल्यांदा लावणाऱ्याच्या दोन तक्रारी हमखास असतात. मारिओ थांबवला तरी घसरत पुढे जातो, आणि बटण दाबलं तरी उडी जरा उशिराच लागते. यातली पहिली गोष्ट गेमची आहे, मुद्दाम तशी घडवलेली. अंगातला वेग सांभाळणं हाच तर तो गेम. दुसरीचा गेमशी संबंध नाही, ती बहुतेकदा टीव्हीची असते. पण खेळणारा दोन्ही एकाच हिशेबात धरतो, 'आता हे जुनं झालं' म्हणतो आणि बंद करतो.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. गेम चांगला की वाईट हे सगळ्यात शेवटी. आधी चार गोष्टी मार्गी लावायच्या: चुकीची आवृत्ती, ताणलेलं चित्र, उशिरा पोचणारं बटण आणि हरवलेली पुस्तिका. एवढं झाल्यावरही जे खटकतं ते गेमचं खरं वय. आणि गोष्ट कळून चुकल्यावरही जे पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं, त्यासाठी तो परत खेळायचा.

पायरी १: पहिला गेम निवडणं

'आजवरचे सर्वोत्तम शंभर' छापाच्या यादीतला पहिला नंबर उचलून सुरुवात करू नका. अशा याद्या गेमने त्या काळात काय बदललं ते सांगतात. आज हातात कसा बसेल ते नाही. १९९७ चा 'गोल्डनआय' कन्सोलवरच्या (म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवरच्या) नेमबाजीच्या गेमसाठी फार मोठी गोष्ट होता, पण तो एकाच स्टिकच्या कंट्रोलरसाठी घडवलेला आहे. दोन स्टिकवर वाढलेल्या हातांना पहिला तासभर त्यात चालणंही जमत नाही.

ढोबळ नियम असा: १९८८ ते १९९५ मधले द्विमितीय गेम सगळ्यात कमी शिळे झालेत, आणि १९९५ ते २००० मधले सुरुवातीचे त्रिमितीय गेम सगळ्यात जास्त. कारण सोपं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला पिक्सेलची चित्रं काढणाऱ्यांच्या हाताखाली मशीन मुरलं होतं. त्रिमितीत मात्र कॅमेरा कुठे ठेवायचा इथपासून सगळे शिकाऊ होते. पहिल्या प्लेस्टेशनला तर कोपऱ्यांच्या जागा पूर्णांकातच ठेवता यायच्या आणि भिंतीवरचं चित्र अंतराप्रमाणे दुरुस्त करता यायचं नाही, म्हणून कडा थरथरतात आणि जमिनीच्या फरश्या जवळ गेल्यावर वाकतात. त्याच मशीनवरचा १९९७ चा 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट' द्विमितीय आहे. तो आजही देखणा दिसतो.

सुरुवातीला यातले दोन घ्या, जास्त नकोत: 'सुपर मारिओ वर्ल्ड' (१९९०), 'मेगा मॅन २' (१९८८), 'सुपर मेट्रॉइड' (१९९४), 'डूम' (१९९३), 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०). 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस' कधीही चालतात. १९८६ चा पहिला 'झेल्डा' मात्र पुस्तिका आणि नकाशा हाताशी असेल तरच.

पायरी २: आवृत्ती तपासणं

हे कुणी सांगत नाही आणि नुकसान सगळ्यात मोठं इथेच होतं. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचे, युरोप-ऑस्ट्रेलियातले ५० वेळा. त्या काळच्या बहुतेक कन्सोल गेमचा वेग या आकड्याला बांधलेला होता. त्यामुळे ६० साठी घडवलेला गेम काहीही न बदलता ५० वर टाकला, की सगळंच सुमारे १७ टक्के मंद होतं: धावणं, उडी, पडणं, संगीतसुद्धा. १९९१ च्या 'सोनिक' ची युरोपीय आवृत्ती ऐकली की फरक लगेच कळतो; वेगासाठी ओळखला जाणारा गेम आणि गाणं पेंगुळलेलं.

ही चूक जुने गेम एकत्र करून पुन्हा विकलेल्या अधिकृत संचांमध्येही होते. २०१८ सालच्या 'प्लेस्टेशन क्लासिक' या छोट्या मशीनमधल्या २० पैकी ९ गेम ५० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचे होते, आणि त्यात 'टेकन ३' सारखा मारामारीचा गेमही होता. म्हणून संच घेताना सेटिंगमध्ये प्रदेश निवडता येतो का ते बघा आणि जपानी किंवा अमेरिकी आवृत्ती लावा. अपवाद एकच: मुळात युरोपात घडलेले गेम, म्हणजे कमोडोर ६४ आणि अमिगावरचे बरेचसे. ते ५० वरच खेळायचे, ६० वर ते उगाच धावत सुटतात.

मूळ गेम घ्यायचा की सुधारित? नाव तेच असलं तरी तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्या ओळखायला शिका. पहिली, मूळ गेम जसाच्या तसा, वर सेव्ह आणि रिवाइंडची सोय. दुसरी, चित्रं-आवाज उजळलेली पण आतले नियम तेच असलेली आवृत्ती. तिसरी, नव्याने बांधलेला गेम. १९९८ चा आणि २०१९ चा 'रेझिडेंट ईव्हिल २' हे एकाच गोष्टीवरचे दोन निराळे गेम आहेत. नवख्याला दुसरा प्रकार सहसा सोयीचा पडतो, पण जुनं रूप परत आणता येत असेल तरच. 'मंकी आयलंड' च्या २००९ च्या संगणक आवृत्तीत एफ१० दाबलं की जुनं आणि नवं चित्र जागच्या जागी बदलतं. दहा मिनिटं तसं आलटून पालटून बघा, काय उजळलं आणि काय हरवलं ते आपोआप दिसतं. 'फायनल फँटसी ७' (१९९७) च्या नंतरच्या आवृत्त्यांत तिप्पट वेग आणि वाटेतल्या लढाया बंद करण्याची सोय आहे. तिप्पट वेग बिनदिक्कत वापरा. लढाया मात्र बंद करू नका, नाहीतर पात्रं कच्ची राहतात आणि पुढच्या बॉसपाशी (टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपाशी) अडकून बसाल.

मिळवण्याबद्दल थोडं. अधिकृत संच, जुने संगणक गेम विकणारं 'जीओजी' दुकान (२००८ पासून), किंवा स्वतःच्या कार्ट्रिजची (मशीनच्या खाचेत बसणाऱ्या गेमच्या डबीची) प्रत काढणं, असे सरळ मार्ग आहेत. काही गेम तर मालकांनीच मोफत केले आहेत: 'बिनीथ अ स्टील स्काय' (१९९४) 'स्कमव्हीएम' या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर फुकट आणि कायदेशीर चालतो, 'डॅगरफॉल' २००९ पासून मोफत आहे. मात्र सगळंच मिळेल अशी अपेक्षा नको. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विक्रीतच नाहीत असं दिसलं.

पायरी ३: चित्र सरळ करणं

टीव्हीभर ताणलेलं चित्र आधी बंद करा. प्रमाण ४:३ ठेवा, बाजूला काळे पट्टे येतील ते येऊ द्या. एनईएसचं (निंटेंडोच्या ऐंशीच्या दशकातल्या कन्सोलचं) चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं; ते ४:३ च्या काचेवर आडवं थोडं फाकायचं, म्हणजे एकेक पिक्सेल ८:७ इतका रुंद दिसायचा. चित्रकारांनी चेहरे आणि वर्तुळं त्या अंदाजाने काढली आहेत. 'डूम' मध्ये उलटं: ३२० बाय २०० चं चित्र ४:३ मध्ये उभं ताणलं जायचं. चौकोनी पिक्सेल ठेवले तर त्यातले राक्षस बुटके आणि जाडे दिसतात.

दुसरी भानगड पटीची. २४० ओळी १०८० ओळींच्या पडद्यावर साडेचार पट होतात. अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून काही ओळी चार जाडीच्या आणि काही पाच जाडीच्या येतात, आणि पडदा सरकला की चित्र लाटांसारखं थरथरतं. उपाय दोन. 'पूर्णांक पट' ही सेटिंग लावून चौपट करा: ९६० ओळी वापरल्या जातात, वरखाली मिळून १२० काळ्या राहतात. किंवा पाचपट करून वर-खाली मूळच्या १२-१२ ओळी कापू द्या. जुन्या टीव्हीतही कडा झाकल्या जायच्याच, पण एखाद्या गेममधले गुणांचे आकडे अर्धे कापले जातात. फोर-के पडद्यावर हा प्रश्नच नाही, २४० गुणिले ९ बरोबर २१६०.

जुन्या काचेच्या टीव्हीचा आभास देणारे फिल्टर हा हौसेचा विषय वाटतो, पण एका बाबतीत तो गेमचाच भाग आहे. 'सोनिक' मधले धबधबे बघा: स्वच्छ पडद्यावर उभ्या रेघांचा पिंजरा दिसतो. जुन्या पिवळ्या वायरच्या सिग्नलमध्ये त्या रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी अर्धपारदर्शक दिसायचं. असा गेम कुरूप वाटला तर त्या पिवळ्या वायरच्या, म्हणजे कंपोझिट सिग्नलची नक्कल करणारा फिल्टर लावून पुन्हा बघा. नुसतं धुरकट करणारे फिल्टर मात्र काढून टाका. आणि 'डक हंट' ची बंदूक सपाट टीव्हीवर चालणार नाही. ती काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेली आहे, सेटिंग बदलून उपयोग होत नाही.

पायरी ४: बटणाचा उशीर कमी करणं

६० हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, १६.७ मिलिसेकंदांची. काचेच्या टीव्हीत उशीर जवळपास नव्हताच. आजच्या टीव्हीत चित्र 'सुंदर' करणारी प्रक्रिया चालू असली की सहज चार-पाच फ्रेम जातात. १९८७ च्या 'पंच-आउट' मध्ये पुढच्या बॉक्सरचा ठोसा ओळखून बाजूला व्हायला मिळणारी संधीच काही फ्रेमची आहे. अशा टीव्हीवर तो अवघड नाही, अशक्य होतो, आणि खेळणारा दोष स्वतःला किंवा गेमला देतो.

क्रम असा ठेवा. टीव्हीचा गेम मोड चालू करा. निम्मा प्रश्न इथेच सुटतो. चित्र गुळगुळीत करण्याची सेटिंग बंद आहे ना ते बघा. कंट्रोलर वायरने जोडा. तरीही जड वाटलं आणि 'रेट्रोआर्क' सारखा एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर 'रन-अहेड' ही गेमचा स्वतःचा उशीर गिळणारी सेटिंग लावा, पण मोजून. गेम थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. पात्र तिसऱ्या फ्रेमला हललं तर गेमचा स्वतःचा उशीर २ फ्रेमचा, म्हणून रन-अहेड २. यापेक्षा जास्त ठेवलं तर हालचालींच्या सुरुवातीच्या फ्रेम गळतात आणि पात्र झटके देत चालल्यासारखं दिसतं.

द्विमितीय गेमसाठी स्टिक वापरू नका, दिशांची फुली वापरा. स्टिक तिरकी गेली की 'मेगा मॅन' शिडी पकडायची सोडून खाली पडतो.

संगणकावरच्या डॉस काळातल्या, म्हणजे विंडोज रुळण्याआधीच्या गेमचा आजार वेगळा. बऱ्याच गेममध्ये वेग प्रोसेसरवरच सोडलेला होता, त्यामुळे आज ते डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. हे गेम चालवणाऱ्या 'डॉसबॉक्स' मध्ये कंट्रोल आणि एफ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो. शत्रूंची चाल आणि संवादांचा मुक्काम माणसाळल्यासारखा वाटेपर्यंत खाली आणा आणि तो आकडा त्या गेमच्या नावाने लिहून ठेवा.

पायरी ५: पुस्तिका वाचणं

जुन्या गेममध्ये शिकवणी नसते, कारण ती कागदावर छापून डब्यात घातलेली असायची. पुस्तिका न वाचता खेळणं म्हणजे पत्त्यांचा डाव नियम न विचारता मांडणं. स्कॅन केलेल्या पुस्तिका इंटरनेट आर्काइव्हवर भरपूर आहेत. दहा मिनिटं पुरतात. त्यात तीन गोष्टी शोधा: प्रत्येक बटणाचं काम, चिन्हांचा अर्थ, आणि सेव्ह कसं होतं. पहिल्या 'झेल्डा' सोबत तर नकाशाच यायचा. तो नकाशा बाजूला न ठेवता खेळून 'कुठे जायचं कळत नाही' म्हणणं त्या गेमवर अन्याय आहे. त्याच्या बॅटरीच्या कार्ट्रिजवर बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरायचं असतं, नाहीतर सेव्ह बिघडू शकतं. तेही पुस्तिकेतच आहे.

काही सोयी तर माहीत नसल्या की गेम दुप्पट क्रूर वाटतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स' मध्ये सगळे जीव संपल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए धरून स्टार्ट दाबलं की जिथे हरलात त्या जगाच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. 'काँट्रा' च्या एनईएस आवृत्तीत वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए हा क्रम ३० जीव देतो. शिकताना खुशाल वापरा.

आणि काही ठिकाणी पुस्तिकाही वाचवत नाही. 'कॅसलव्हेनिया २' मध्ये लाल स्फटिक निवडून एका कड्यापाशी गुडघे टेकून थांबायचं असतं, मग वावटळ येऊन पुढे नेते. इंग्रजी भाषांतरात सूचनांची इतकी वाट लागली आहे की हे कुणाला उमजावं असं नाही. अशा जागी उत्तर शोधून पुढे जा. अपराधी वाटायचं कारण नाही.

पायरी ६: सेव्ह स्टेटची शिस्त

एम्युलेटर किंवा नवा संच कुठल्याही क्षणाला सेव्ह करू देतो (त्यालाच सेव्ह स्टेट म्हणतात), आणि जुन्या गेमची चव घालवण्याचा हा सगळ्यात जलद मार्ग आहे. 'काँट्रा' सुरुवातीपासून शेवटपर्यंत अर्ध्या तासाचा गेम. त्याची लांबी लेव्हलमध्ये नाही, जीवांच्या मोजणीत आहे. दर पाच सेकंदाला सेव्ह करत गेलात तर तो एका संध्याकाळी संपतो आणि हाताला काहीच येत नाही.

चालेल अशी मधली वाट: लेव्हलच्या सुरुवातीला एक स्टेट, बॉसच्या दाराशी एक. लढाई चालू असताना नाही. रिवाइंड फक्त मशीनच्या चुकीसाठी, म्हणजे कंट्रोलर तुटला, फोन आला. ज्या गेममध्ये पासवर्ड आहेत तिथे पासवर्डच वापरा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांत गोंधळ नको म्हणून हाताने लिहिण्यापेक्षा पडद्याचा फोटो काढा.

एक सापळा नवख्यांना हमखास अडकवतो. गेमचं स्वतःचं सेव्ह आणि एम्युलेटरचं सेव्ह स्टेट या दोन निराळ्या वस्तू आहेत. स्टेटमध्ये संपूर्ण मेमरी साठते, गेमचं सेव्हसुद्धा. समजा गेममध्ये सेव्ह केलंत, पुढे चार तास खेळलात, परत गेममध्ये सेव्ह केलंत आणि चुकून कालचं स्टेट उघडलंत. तर गेमचं आतलं सेव्हही कालचं होऊन बसतं. मोठ्या गेममध्ये गेमचंच सेव्ह खरं माना. एम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुनी स्टेट उघडत नाहीत असंही होतं, आतलं सेव्ह मात्र टिकतं.

पायरी ७: खऱ्या मशीनवर खेळायचं असेल तर

ज्यांना एम्युलेटर पुरतो त्यांनी ही पायरी ओलांडून जावं.

कार्ट्रिज चालत नसेल तर फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने संपर्कपट्ट्या गंजतात. ९० टक्के किंवा जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, पट्ट्यांवर उभ्या दिशेने पुसणं, आणि दहा मिनिटं वाळवणं. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो. निंटेंडोची बरीच कार्ट्रिज ३.८ मिलिमीटरच्या गेमबिट नावाच्या खास पेचकसाने उघडतात, सुपर एनईएस आणि निंटेंडो ६४ ची मशीन ४.५ ने. साध्या पेचकसाने जबरदस्ती केली की स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग कशानेच निघत नाही.

सेव्ह होणाऱ्या जुन्या कार्ट्रिजमध्ये नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी असते, बऱ्याचदा सीआर२०३२. मल्टिमीटरवर २.५ च्या खाली दिसली तर बदला. 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' (१९९९) मधलं घड्याळही त्याच बॅटरीवर चालत राहतं, म्हणून त्यांची आधी संपते. बॅटरी काढली की सेव्ह पुसलं जातं, तेव्हा आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या यंत्राने त्याची प्रत काढून ठेवा. नवी बॅटरी पट्ट्या जोडलेलीच घ्या. थेट बॅटरीच्या अंगावर सोल्डर लावला तर ती फुटू शकते.

वीजजोड नीट बघा. एनईएसचा अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, इतर बऱ्याच मशीनना डीसी लागतो. खाच बसते म्हणून लावू नका. 'गेम गिअर' या हातात धरायच्या मशीनचा आवाज बारीक आणि पडदा फिका झाला असेल तर कपॅसिटर गळले आहेत, ते सगळे बदलावे लागतात. पहिल्या 'एक्सबॉक्स' मध्ये घड्याळाचा कपॅसिटर गळून बोर्ड खातो. मशीन नीट चालत असलं तरी उघडून बघा. काचेचा टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

पायरी ८: आता पारख

तीन बैठका द्या, प्रत्येकी साधारण ४० मिनिटांच्या. पहिलीत फक्त हालचाल: मोकळ्या जागेत धावा, थांबा, उडी मध्येच सोडा. दुसरीत हरा, आणि दर वेळी का हरलो ते एका वाक्यात सांगता येतं का ते बघा. तिसरीनंतर निकाल.

'का हरलो' हाच खरा कस आहे. उत्तर 'मी लवकर उडी मारली' असं असेल तर गेम जिवंत आहे. 'कॅमेरा भिंतीत गेला' किंवा 'तीन तासांपूर्वी एक वस्तू उचलली नव्हती' असं असेल तर वय दिसू लागलं. १९९० च्या 'किंग्ज क्वेस्ट ५' मध्ये मांजराच्या तावडीतून उंदराला वाचवलं नाही, तर बऱ्याच नंतर तळघरात अडकल्यावर सोडवायला कुणीच येत नाही, आणि गेम ते तेव्हा सांगतही नाही. त्याच वर्षीच्या 'मंकी आयलंड' ने खेळणाऱ्याला असं कोंडून ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. (तिथे मरायचंच असेल तर पाण्याखाली दहा मिनिटं थांबावं लागतं. तोही विनोदच.) वर्ष एक, प्रकार एक; शिळा झाला तो एकच.

'ओकारिना ऑफ टाइम' (१९९८) मध्ये दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सापडतात. शत्रूवर नजर खिळवून त्याच्याभोवती फिरण्याची पद्धत आजही तशीच वापरली जाते. पण पाण्याच्या मंदिरात लोखंडी बूट घालायला आणि काढायला दर वेळी गेम थांबवून यादी उघडावी लागते, आणि तो त्या मंदिराचा अर्धा वैताग आहे. २०११ च्या थ्रीडीएस (निंटेंडोचं हातात धरायचं मशीन) आवृत्तीत बूट एका बटणावर आले, सेकंदाला २० फ्रेमच्या ३० झाल्या, आणि मंदिराची रचना फारशी न बदलता ते सुसह्य झालं. शिळी झाली होती ती यादी, मंदिर नव्हे.

घाईने शिक्का मारू नये अशीही उदाहरणं आहेत. पहिल्या 'रेझिडेंट ईव्हिल' (१९९६) मध्ये पात्र रणगाड्यासारखं वळतं, म्हणजे वरचं बटण नेहमी 'त्याच्या पुढे'. अवघड वाटतं, पण तिथे कॅमेरा दर काही पावलांनी उडी मारून दुसरीकडे जातो. दिशा पडद्याला बांधलेली असती तर प्रत्येक उडीला पात्र उलटं फिरलं असतं. दोन बैठकांत हात बसतो. १९८९ च्या एनईएस 'टेट्रिस' चंही तसंच. आजच्या 'टेट्रिस' मध्ये सातही तुकडे एका पिशवीतून आल्यासारखे पाळीपाळीने येतात. जुन्यात लांब काठी वीस-तीस तुकडे आलीच नाही असंही होतं. नवख्याला हा दोष वाटतो. पण काठीची वाट बघताना ढीग किती उंच जाऊ द्यायचा, हाच तर तिथला जुगार.

पायरी ९: पुन्हा खेळणं

पहिल्यांदा खेळताना नवल काम करतं. दुसऱ्यांदा ते नसतं, तेव्हा गेममध्ये हाताला किंवा डोक्याला करण्यासारखं काय उरलं हे बघायचं. उरण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आणि त्यानुसार परत खेळण्याची रीतही वेगळी.

'पॅक-मॅन' (१९८०) मधली भुतं तुमच्या चालीला ठरलेलं उत्तर देतात. तीच वाट, तीच वेळ, तर भुतंही तशीच. म्हणून तिथे वाटा पाठ करायच्या, आणि २५६ व्या लेव्हलला ८ बिटांचा आकडा उलटून अर्धा पडदा कचऱ्याने भरतो तिथे प्रवास थांबतो. 'मिस पॅक-मॅन' (१९८२) मध्ये भुतांच्या चालीत यादृच्छिकपणा घातला, त्यामुळे पाठांतर चालत नाही, दर वेळी चक्रव्यूह नव्याने वाचावा लागतो. दिसायला जुळ्या बहिणी, पण एक पाढ्यांसारखी, दुसरी बुद्धिबळासारखी. तुमचा स्वभाव कोणता ते यावरून चटकन कळतं.

वेळेशी स्पर्धा करायची असेल तर लहान गेमपासून सुरुवात करा. 'सुपर मारिओ ब्रदर्स' वार्प (थेट पुढच्या जगात नेणाऱ्या छुप्या वाटा) वापरून आधी फक्त पूर्ण करा आणि वेळ लिहा. दहा मिनिटांच्या आत आलात तर चांगली सुरुवात. मग 'लाइव्हस्प्लिट' सारख्या घड्याळाने लेव्हलवार वेळ मोजा, सगळ्यात जास्त वेळ जाणारी एकच लेव्हल निवडा आणि तिच्यापुरतं सेव्ह स्टेट करून वीस वेळा घोटा. सेव्ह स्टेट खरं कामाला येतं ते इथे. त्या गेमची एक गंमत कळली की नवख्यांची दमछाक वाचते: लेव्हल संपल्यावर पुढची सुरू करायची की नाही हे गेम दर २१ फ्रेमनी एकदाच तपासतो. बसची वेळ ठरलेली असल्यासारखं. थांब्यावर दोन फ्रेम आधी पोचलात तरी बस त्याच वेळी सुटणार. म्हणून बहुतेक लेव्हलमध्ये एखाद-दोन फ्रेम वाचवण्यासाठी जिवावर उदार होण्यात अर्थ नाही. २१ फ्रेमचा पुढचा टप्पा गाठता येतो का एवढंच बघायचं. उत्तम खेळाडू पाच मिनिटांच्या आत पोचले आहेत.

शोधाशोध आवडत असेल तर रँडमायझर. 'अ लिंक टू द पास्ट' (१९९१) चा सगळ्यात रुळलेला आहे. तो तुमच्याकडच्या गेमच्या प्रतीत वस्तूंच्या जागा अशा उलटसुलट करतो की गेम पूर्ण होण्याची शक्यता कायम राहते. पण मूळ गेम किमान दोनदा पूर्ण केल्याशिवाय हात लावू नका. कुठल्या पेटीपर्यंत कोणत्या वस्तूशिवाय पोचता येतं हे डोक्यात नसेल तर नुसतं भरकटणं होतं. पहिल्यांदा सोप्या सेटिंग ठेवा आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारा ट्रॅकर शेजारी उघडा. 'पोकेमॉन' साठी नझलॉकचे नियम पुरतात: प्रत्येक भागात भेटलेला पहिलाच पकडायचा, आणि बेशुद्ध पडला तो कायमचा गेला. मुलांचा वाटणारा गेम एवढ्याने तणावाचा होतो.

काही गेमनी परतीची सोय आतच ठेवली आहे. 'क्रोनो ट्रिगर' (१९९५) कमावलेली ताकद घेऊन नव्याने सुरू करता येतो, आणि शेवटच्या शत्रूला कधी गाठलं यावर निराळे शेवट मिळतात. 'सुपर मेट्रॉइड' गेमच्या घड्याळाने तीन तासांच्या आत संपवला तर शेवटचं दृश्य बदलतं. 'सिम्फनी ऑफ द नाइट' मध्ये किल्ला पूर्ण झाला असं वाटतं तेव्हा तोच उलटा होऊन समोर येतो, नकाशा २००.६ टक्क्यांपर्यंत जातो. आणि एकदा संपवल्यावर नाव 'रिक्टर' असं इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाकलं की वेगळ्याच हालचालींच्या पात्राने पुन्हा खेळता येतं.

'डूम' ची तऱ्हा निराळी. १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि लोक आजही त्यासाठी नव्या लेव्हल बांधतात. मूळ अनुभव हवा तर 'चॉकलेट डूम', आजच्या सोयी हव्या तर 'जीझेडडूम'. नवी लेव्हल चालेना तर ती कोणत्या पोर्टसाठी, म्हणजे यांसारख्या कोणत्या प्रोग्रामसाठी लिहिली आहे हे तिच्या सोबतच्या मजकूर फायलीत बघा, नव्वद टक्के अडचण तिथेच असते.

एनईएस 'टेट्रिस' मध्ये २९ व्या लेव्हलला तुकडा दर फ्रेमला एक ओळ खाली येतो. नुसतं दिशेचं बटण धरून ठेवलं तर तो कडेपर्यंत पोचतच नाही, म्हणून कित्येक वर्षं हाच शेवट समजला जायचा. मग खेळाडूंनी बटण थरथरवून दाबायच्या पद्धती काढल्या, नंतर कंट्रोलरच्या पाठीवर बोटं लोळवायची रीत आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाने तो १५७ व्या लेव्हलला गोठेपर्यंत खेळून दाखवला. शिकायचं असेल तर आधी १८ व्या लेव्हलपासून सुरू करून १०० ओळी काढायचं ध्येय ठेवा. उजवीकडची एक उभी ओळ काठीसाठी मोकळी ठेवा आणि ढीग डावीकडे उंच, उजवीकडे उतरता रचा.

कोड्यांचे आणि रहस्याचे गेम याला अपवाद. उत्तर माहीत असलेलं कोडं दुसऱ्यांदा सुटत नाही, नुसतं आठवतं. 'मंकी आयलंड' परत उघडायचा तर संवादांसाठी, आणि तोही निम्मी उत्तरं विसरून गेल्यावर.